आई आणि थोरली बहीण : महाराष्ट्रातील स्मरणपरंपरेचा इतिहास

दिवंगत आईची आठवण दगडात कोरून ठेवल्याचा महाराष्ट्रातला एक फार जुना दाखला नागपूरजवळ रामटेकच्या डोंगरावर आहे. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. पती दुसरा रुद्रसेन अकाली वारला तेव्हा मुले लहान होती, म्हणून चौथे शतक संपून पाचवे सुरू होण्याच्या सुमारास राज्याचा कारभार तिनेच पाहिला. तिचा पुणे ताम्रपट त्याची साक्ष देतो. रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरातला शिलालेख आज बराच झिजला आहे. अभ्यासकांनी लावलेल्या वाचनानुसार प्रभावतीगुप्तेच्या मृत्यूनंतर तिच्या मुलीने आईच्या पुण्यासाठी विष्णूचे देऊळ उभारले आणि देवाला आईचेच नाव देऊन त्याला ‘प्रभावतीस्वामी’ म्हटले. वाकाटकांच्या गादीवर त्या वेळी या मुलीचा भाऊ होता, तरी स्मारकाच्या लेखात मुलीचे कर्तृत्व ठळक राहिले. आईची आठवण ठेवण्याचा अधिकार मुलाचा, हा पुढच्या काळात पक्का झालेला समज इतक्या मागे लागू पडत नाही, हे या लेखावरून दिसते.

त्याही आधी, सातवाहनांच्या काळात तर राजाची ओळखच आईच्या नावाने होई. गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही नावे त्याच प्रथेची. नाशिकच्या लेण्यातल्या प्रसिद्ध लेखात गौतमी बलश्री स्वतःचा परिचय महाराजाची आई आणि महाराजाची आजी असा करून देते, मात्र तिथे ती आपल्या मृत मुलाची आठवण जागवते आहे. सह्याद्रीतल्या लेण्यांना खांब, पाण्याची टाकी, भिक्षूंच्या कोठड्या दान देणाऱ्या व्यापारी आणि कारागीर मंडळींनीही ते पुण्य आईवडिलांच्या नावे केल्याचे दानलेखांत आढळते. बहिणीचा उल्लेख या लेखांत फार क्वचित येतो.

मध्ययुगात गावोगावच्या शिवेवर स्मरणशिळा उभ्या राहिल्या. लढाईत पडलेल्या पुरुषासाठी वीरगळ आणि पतीबरोबर सहगमन केलेल्या स्त्रीसाठी सतीशिळा. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्यांनी भरलेला हात आणि वर चंद्रसूर्य कोरलेले असतात. बाईच्या आयुष्यातले इतर काही त्या दगडावर नसते. तिने किती मुले वाढवली, कोणत्या दुष्काळात घर तगवले, धाकट्या भावंडांना कसे सांभाळले, याला शिळेवर जागा नव्हती. बाळंतपणात गेलेल्या स्त्रियांची संख्या लढाईत पडलेल्या शिपायांहून कमी असण्याचे कारण नाही, तरी त्यांच्यासाठी गळ उभारण्याची रीत पडली नाही. १८२९ साली बंगालमध्ये आणि १८३० मध्ये मुंबई इलाख्यात सहगमनावर कायद्याने बंदी आली आणि सतीशिळांची परंपराही मागे पडली.

आईसाठी उभारलेली मोठी समाधी म्हणून मराठी माणसाला पहिली आठवते ती पाचाडची. रायगडावरचा वारा जिजाबाईंच्या प्रकृतीला मानवेना, म्हणून शिवाजी महाराजांनी गडाच्या पायथ्याशी त्यांच्यासाठी वाडा बांधला. ६ जून १६७४ रोजी मुलाचा राज्याभिषेक पाहून अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, त्यांनी तिथेच देह ठेवला. त्यांची समाधी तिथेच आहे. पण अशा समाध्या राजघराण्यांच्या आणि संतांच्या. सामान्य घरातल्या आईची आठवण घराच्या आत, देवघरात जपली गेली.

देवघरातले टाक हे या आठवणीचे जुने साधन. चांदीच्या किंवा तांब्याच्या पातळ पत्र्यावर सोनार मूर्ती उठवून देई. खंडोबा, भवानी, जोतिबा यांच्या टाकांशेजारी घरातल्या पूर्वजांचेही टाक असत. पुरुष पूर्वज ‘वीर’ म्हणून पुजला जाई, तर नवऱ्याच्या आधी गेलेली बाई ‘सवाष्ण’ म्हणून. पहिली बायको गेल्यावर पुरुषाने दुसरे लग्न केले तर नव्या बायकोने पहिलीची छोटी चांदीची प्रतिमा गळ्यात घालायची, अशीही चाल अनेक समाजांत होती. गेलेलीचा कोप होऊ नये ही भीती तिच्यामागे होती. तरीही एक चांगली गोष्ट तिच्यामुळे होई. आईवेगळ्या मुलांना त्यांच्या आईची खूण सावत्र आईच्या गळ्यात रोज दिसे. सवाष्ण गेलेल्या बाईला हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, हळदीकुंकू आणि भरलेली ओटी देऊन निरोप दिला जाई, आणि अंगावर घालायची साडी तिच्या माहेराहून येई. ती आणण्याचे काम बहुधा भावाचे. विधवेच्या वाट्याला यातले काहीच येत नसे. बाई कशी जगली यापेक्षा ती नवऱ्याच्या आधी गेली की नंतर, यावर तिच्या स्मरणाचा थाट ठरे. या परंपरेतला हा अन्याय झाकून तिच्याविषयी लिहिणे योग्य होणार नाही.

श्राद्धविधीत आईला स्वतंत्र स्थान आहे. पार्वण श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा यांच्या त्रयीबरोबर आई, आजी, पणजी यांची त्रयी येते. मंगलकार्यापूर्वीच्या नांदीश्राद्धात तर क्रम उलटतो, आधी आईची त्रयी आणि मग वडिलांची. मुंज असो की लग्न, पूर्वजांना बोलावताना आई पहिली. गयेला जाणाऱ्या यात्रेकरूंना मातृषोडशी हा विधी ठाऊक असतो. त्यात आईच्या नावे सोळा पिंड देतात आणि प्रत्येक पिंडाबरोबर तिने सोसलेल्या एकेका कष्टाचा उच्चार होतो. गर्भारपणाचे महिने, प्रसूतीच्या कळा, बाळासाठी जागवलेल्या रात्री, घेतलेली कडू औषधे असे ते कष्ट आहेत. एरवी श्राद्धाच्या मंत्रांत नाव आणि गोत्र यांखेरीज माणसाविषयी फारसे काही नसते. मातृषोडशीत मात्र मुलगा आईचे कष्ट एकेक करून मोजतो आणि त्यांचे ऋण कबूल करतो. संपूर्ण श्राद्धकल्पात इतका हळवा भाग दुसरा नाही. गुजरातेतल्या सिद्धपूरचे बिंदुसरोवर तर ‘मातृगया’ म्हणूनच ओळखले जाते. कपिल मुनींनी आपली आई देवहूती हिला तिथे मुक्तीचा मार्ग दाखवला अशी कथा असल्याने केवळ आईच्या श्राद्धासाठी लोक तिथे जातात, आणि त्यांत महाराष्ट्रातून जाणारेही असतात.

महाराष्ट्रातल्या घरांत आईचा खास दिवस म्हणजे भाद्रपद वद्य नवमी, अर्थात अविधवा नवमी. तिला अहेव नवमीही म्हणतात. पितृपंधरवड्यातल्या या तिथीला, मृत्यूची तिथी कोणतीही असो, नवऱ्याच्या आधी गेलेल्या स्त्रियांचे श्राद्ध होते. पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय यांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ रचला. पुढे महाराष्ट्रातल्या पुरोहितांचा तो रोजच्या वापरातला ग्रंथ झाला आणि या नवमीचे नियम त्याच्याच आधाराने घरोघर पाळले गेले. घरातला विधी शास्त्रापेक्षा साधा असतो. एका सवाष्णीला जेवायला बोलवायचे, तिला साडी किंवा खण द्यायचा, बांगड्या भरायच्या, ओटी भरायची. तांदळाची खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी, भोपळ्याची आणि गवारीची भाजी हा पितरांचा नेहमीचा बेत असतोच, पण त्यात आईच्या आवडीचा एखादा पदार्थ हमखास असतो. त्या पदार्थामुळे नातवंडांना न पाहिलेली आजी कळते. काही घरांत वडील गेल्यावर ही नवमी बंद होते आणि आईचे स्मरण वडिलांच्या तिथीत मिसळून जाते.

बहिणीचे काय? लग्न झाल्यावर ती दुसऱ्या गोत्रात गेली, म्हणून तिचे श्राद्ध तिच्या मुलाने करायचे. भावाने तिचे नाव घ्यायची जागा एकच, महालय श्राद्धातली आप्तांची यादी. काका, भाऊ, आत्या, मावशी, सासरा, गुरू यांच्याबरोबर तिथे बहीण येते, तीही तिचा नवरा आणि अपत्ये यांच्यासह. सुतकाचे गणितही तसेच आहे. विवाहित मुलीला आईवडिलांचे सुतक दहा दिवसांचे नसून तीन दिवसांचे, आणि विवाहित बहिणीचे सुतक भावाला थोडक्याच काळाचे. ज्या थोरल्या बहिणीने भावाला कडेवर वाढवले तिच्यासाठी शास्त्राने यादीतली एक ओळ ठेवली. तिची आठवण दोन घरांच्या मध्ये पडली. सासरची मंडळी तिला सून, पत्नी आणि आई म्हणून आठवत. माहेरच्या घरात ती कोण होती हे सांगणारी भावंडे गेली की ते सांगणारे कोणीच उरत नसे.

ती कोण होती हे समजायला जुन्या घराची रचना लक्षात घ्यावी लागते. मुलींची लग्ने फार लहान वयात होत. १९२९ साली संमत होऊन १ एप्रिल १९३० पासून अमलात आलेल्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय ठरवले तेही चौदा. आईची बाळंतपणे विशीच्या आधी सुरू होऊन चाळिशीपर्यंत चालत. त्यामुळे थोरली मुलगी लग्न होऊन आई झाली तरी माहेरी पाळणा हलतच असे, आणि मामा भाच्यापेक्षा लहान असण्यात कोणाला नवल वाटत नसे. आई बाळंतपणात गेली तर मागे राहिलेले तान्हे बाळ थोरलीच्याच पदरात येई. १८९६ पासूनची प्लेगची साथ आणि १९१८ चा इन्फ्लूएन्झा यांनी अशी घरे किती केली याची कल्पना एकाच आकड्यावरून यावी. १९१८ च्या साथीत एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसे दगावली, आणि त्यांत ऐन उमेदीतल्या बायकांचे प्रमाण मोठे होते. घरात सगळे जिला ‘अक्का’ किंवा ‘ताई’ म्हणत, तिची स्वतःची मुलेही मामा-मावशांचे ऐकून तिला त्याच नावाने हाक मारीत. एकाच बाईचे आईपण आणि थोरलेपण अशा घरांत वेगळे काढता येत नसे.

बायकांनी बायकांची आठवण ठेवली ती जात्यावर. पहाटे दळताना म्हटलेल्या ओव्यांत आई आणि बहीण हे विषय सर्वांत भरलेले आहेत. आई असेपर्यंत माहेर, आई गेल्यावर थोरल्या बहिणीचे घर हेच माहेर, हा भाव गावोगावच्या ओव्यांत पुन्हापुन्हा येतो. गी पॉयत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी ग्रामीण महाराष्ट्रातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सामान्य स्त्रीच्या मनातल्या आईचा एवढा मोठा दस्तऐवज दुसरा नाही. श्राद्धाच्या विधीत मुलीला मंत्र म्हणण्याचा अधिकार नव्हता, जात्यावर तिला कोणी अडवत नव्हते. गिरण्या आल्या, घरातली जाती उभी करून ठेवली गेली, आणि ही वाट विसाव्या शतकात हळूहळू बंद झाली.

त्याच्या आधीच दुसरी वाट उघडली होती, ती छापील पुस्तकाची. तिच्या आरंभी पंडिता रमाबाईंचे आयुष्य आहे, आणि त्यात आई आणि थोरली बहीण दोघीही आहेत. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. रमाबाईंना शिकवले ते या आईने, आठव्या वर्षापासून पुढे सात-आठ वर्षे, तीर्थयात्रेत गावोगाव फिरताना. थोरल्या बहिणीचे, कृष्णाबाईंचे, लग्न रीतीप्रमाणे लहानपणी झाले होते आणि ते सुखाचे झाले नाही. धाकटीच्या लग्नाची घाई वडिलांनी केली नाही त्यामागे हा अनुभव होता असे चरित्रकार सांगतात. थोरलीने भोगले म्हणून धाकटीला शिकायला वर्षे मिळाली. १८७४ पासूनच्या दक्षिणेतल्या दुष्काळात हे कुटुंब उपासमारीत सापडले. आधी वडील गेले, मग आई, मग बहीण, सारे काही महिन्यांच्या अंतराने. आईच्या तिरडीला खांदेकरी मिळेनात. भाऊ श्रीनिवास आणि मोठ्या मिनतवारीने मिळालेले दोन ब्राह्मण यांच्यासह चौथा खांदा सोळा वर्षांच्या रमाबाईंनी दिला. उंची कमी असल्याने त्यांनी ते ओझे डोक्यावर घेतले. स्मशान कोसभराहून लांब होते.

आईला खांदा देणे मुलीला रीतीने नाकारलेले होते. दुष्काळाने ती रीत मोडली, आणि आईची आठवण मुलीने कशी ठेवावी याचा एक नवा मार्ग रमाबाईंनी पुढे घालून दिला. १८८७ साली फिलाडेल्फियात त्यांचे ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक निघाले. ते त्यांनी आई लक्ष्मीबाई डोंगरे यांच्या स्मृतीला अर्पण केले. त्या पुस्तकाच्या विक्रीने आणि अमेरिकेत जमवलेल्या निधीने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. आईने दिलेली विद्या, बहिणीचे वाया गेलेले आयुष्य आणि विधवा मुलींची शाळा यांचा संबंध जोडायला दुसरा पुरावा शोधावा लागत नाही. पुढे केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तिथे दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली वाढल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, त्याच्या आदल्याच वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली होती.

रमाबाईंच्या त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत आणखी एका मराठी स्त्रीचे स्मरण आहे. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी आपली विद्यार्थिनी आनंदीबाई जोशी हिच्याविषयी तिथे लिहिले. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. ज्या अमेरिकन बाईला त्या ‘मावशी’ म्हणत, त्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, त्यांच्या रक्षेला जागा मिळाली. मानलेल्या नात्याने रक्ताच्या नात्याचे काम केले.

शारदा सदनाचा धागा पुढे आणखी एका आईपर्यंत जातो. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विवाह केला. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापले, पण पैशाची ओढाताण होती. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली, आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे नाव मिळाले : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. या विद्यापीठाच्या प्रत्येक पदवीपत्रावर ते नाव छापले जाते. मुंबईत डॉ. नायर यांनी काढलेल्या रुग्णालयाचे पूर्ण नाव बाई यमुनाबाई लक्ष्मण नायर, म्हणजे त्यांच्या आईचे. रोज हजारो रुग्ण ‘नायर’ म्हणून तिथे येतात आणि आईचे नाव आद्याक्षरांत राहते. परळला वाडिया बंधूंनी वडिलांच्या नावे प्रसूतिगृह आणि आई जेरबाईंच्या नावे मुलांचे रुग्णालय उभारले. मोठ्या दात्यांपाठोपाठ लहान माणसेही आली. शाळेची खोली, देवळाची फरशी, एसटीच्या थांब्यावरचा बाक, वाचनालयाचे कपाट यांवर ‘कै. सौ.’ किंवा ‘कै. श्रीमती’ने सुरू होणारी नावे रंगवलेली, कोरलेली दिसू लागली. बहिणीच्या नावाची पाटी त्यांत शोधावी लागते. पैसा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हाती होता, भावाकडून तो आपल्या आईवडिलांच्या नावे जाई.

मराठी मनावर आईच्या स्मरणाची सर्वांत खोल मुद्रा उमटवली ती साने गुरुजींनी. त्यांची आई यशोदाबाई १९१७ मध्ये कोकणातल्या पालगडला वारली, मुलाची शेवटची भेट न होता. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात काही दिवसांत गुरुजींनी ‘श्यामची आई’चा मोठा भाग लिहून काढला आणि १९३५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. एकेका रात्री सांगितलेल्या गोष्टींतली दुसऱ्याच रात्रीची गोष्ट अक्काच्या लग्नाची आहे, म्हणजे थोरली बहीण कथेत अगदी आरंभी येते. अखेरच्या दुखण्यात आईची सेवा करायला येते ती तिची बहीण, सखू मावशी. आणि शेवटच्या प्रकरणाचे नाव आहे ‘आईचे स्मृतिश्राद्ध’. विधीतले श्राद्ध शब्दांत आणण्याचा हा प्रयत्न होता आणि तो इतका सफल झाला की गरीब घरातली, कुठेही नाव न कोरलेली एक आई महाराष्ट्रभर सर्वांच्या ओळखीची झाली. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ही सिद्ध केले, हे त्याच कामाचे दुसरे अंग.

बहिणाबाई चौधरींची आठवण अत्र्यांच्याच हातून लोकांपर्यंत गेली. जळगावजवळच्या आसोद्याची ही शेतकरी बाई लिहू-वाचू शकत नव्हती. शेतात आणि जात्यावर सुचलेली तिची गाणी मुलगा सोपानदेव आणि एक नातलग उतरून ठेवीत. ३ डिसेंबर १९५१ रोजी ती वारली. सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते. आज त्यांची ओळख अनेकांना बहिणाबाईंचा मुलगा अशी आहे. कोणत्याही श्राद्धाने आईला याहून मोठे दान दिले नसते. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव आहे.

थोरली बहीण सार्वजनिक स्मरणात यायला मध्यमवर्गातल्या मुली मिळवत्या व्हाव्या लागल्या. विसाव्या शतकाच्या मध्यावर शिक्षिका, परिचारिका, कारकून, टेलिफोन ऑपरेटर झालेल्या कितीतरी थोरल्या मुलींनी वडिलांच्या मागे घर चालवले, भावंडांची शिक्षणे आणि लग्ने केली, आणि त्यांत अनेकींची स्वतःची लग्ने राहून गेली. अशा अविवाहित बहिणीचे स्मरण जुन्या चौकटीत कुठेच बसत नव्हते. ती सवाष्ण नव्हती आणि विधवाही नव्हती. श्राद्ध करणारा मुलगा तिला नव्हता. लता मंगेशकर हे या पिढीतले सर्वांत ठळक उदाहरण. २४ एप्रिल १९४२ रोजी वडील मास्टर दीनानाथ वारले तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. आई, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ यांचा भार उचलण्यासाठी त्यांनी त्याच वर्षी चित्रपटांत कामे करायला सुरुवात केली. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी त्या गेल्या. धाकटी बहीण मीना खडीकर यांनी त्यांच्यावर ‘मोठी तिची सावली’ हे पुस्तक लिहिले आहे, आणि थोरलीचे चरित्र धाकटीने लिहावे ही मराठीत फार उशिरा आलेली गोष्ट आहे. वडिलांच्या पुण्यतिथीला, २४ एप्रिलला, भावंडे जो पुरस्कार सोहळा करीत आली, त्यात २०२२ पासून थोरल्या बहिणीच्या नावाच्या पुरस्काराची भर पडली.

छायाचित्राने घरातल्या स्मरणाचे रूप बदलले. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली, पण साध्या घरातल्या बाईचा फोटो निघायला पुढची किती तरी दशके जावी लागली. कित्येक आयांचे एकच छायाचित्र असे, लग्नातले किंवा मुलाच्या मुंजीतले, आणि त्यातून चेहरा वेगळा काढून तसबीर करून घेतली जाई. चंदनाचा किंवा जरीचा हार घातलेली ती तसबीर टाकाच्या जागी आली. मग वर्तमानपत्रांतली ‘प्रथम पुण्यस्मरण’ची चौकट आली, आणि तिच्यात ‘शोकाकुल’ म्हणून मुलगे, सुना, मुली, जावई, भाऊ, भावजया, भाचरे अशी नावे एकाखाली एक छापली जाऊ लागली. माहेर आणि सासर या दोन्ही घरांनी गेलेल्या बाईवर आपला हक्क एकाच ठिकाणी सांगण्याची सोय आधी नव्हती.

विधींतही बदल होत गेले. सत्यशोधक समाजाने १८७३ पासून पुरोहिताविना संस्कारांचा आग्रह धरला. १९५६ नंतर बौद्ध झालेल्या कुटुंबांत श्राद्धाऐवजी जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. त्यात गेलेल्या आईबद्दल मुलगे-मुली आणि भावंडे उभे राहून बोलतात, आणि तिच्या कष्टांची हकिगत सर्वांसमोर सांगितली जाते. पुण्यात १९७० च्या दशकात शंकरराव थत्ते यांनी स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली आणि पुढे ज्ञान प्रबोधिनीने ते काम वाढवले. आता या स्त्री-पुरोहित श्राद्धही सांगतात, मंत्रांचा अर्थ मराठीत समजावून देतात, आणि आईच्या पिंडापुढे मुलीला बसवतात. महालयाच्या यादीत भावाने बहिणीचे आणि बहिणीने बहिणीचे नाव घेण्यालाही तिथे हरकत नसते.